हलक्या हाताचे पेय : पुदिना आणि लिंबू

पुदिना-लिंबाच्या पेयाला लागते ते सगळे घरात असते. कागदी लिंबू, पुदिन्याची अर्धी जुडी, साखर, मीठ आणि गार पाणी. तरीही घरोघरी त्याची चव वेगळी लागते, आणि बऱ्याचदा ती बिघडलेलीच असते. कुठे ते गडद हिरवे आणि गवताळ, कुठे घशाखाली उतरता उतरता कडू, तर कुठे नुसतेच गोड. दोष सामानात क्वचितच असतो, बहुधा तो करणाऱ्याच्या हातात असतो. पुदिन्याचा सुगंध पानाच्या पृष्ठभागावर असतो, लिंबाचा सालीच्या अगदी वरच्या थरात, आणि आंबटपणा गराच्या नाजूक पिशव्यांत. हे तिन्ही थोड्याशा दाबाने बाहेर येते. त्यापुढे जोर लावला की जे निघते ते कडू, तुरट किंवा काळे पडणारे. या पेयाचे निम्म्याहून अधिक तंत्र एवढ्यावरच उभे आहे.

पुदिना

भाजीबाजारात जुडीने मिळतो तो पुदिना बहुधा स्पिअरमिंट गटातला, वनस्पतिशास्त्रातला मेंथा स्पायकाटा. पेपरमिंटच्या गोळीत जाणवतो तो झणका मेंथॉलचा, आणि भारतात मेंथॉल काढतात ते वेगळ्या पुदिन्यापासून, मेंथा आर्व्हेन्सिसपासून. त्याची शेती उत्तर प्रदेशात बाराबंकी आणि आसपासच्या जिल्ह्यांत मोठ्या प्रमाणावर होते. लखनौच्या ‘सीमॅप’ या संशोधन संस्थेने त्याचे ‘कोसी’सारखे वाण शेतकऱ्यांना दिले, आणि त्याच्या तेलाचे सौदे मुंबईच्या एमसीएक्स या वायदेबाजारात चालतात. पेल्यात पडणाऱ्या पुदिन्याचा या उलाढालीशी संबंध नाही. त्यात मेंथॉल अगदी थोडे असते, वास प्रामुख्याने कार्व्होन या द्रव्याचा असतो. कार्व्होनचे रेणू दोन प्रकारचे, उजव्या आणि डाव्या हातासारखे. अणू तेच, जोडणी तीच, मांडणी मात्र आरशात दिसावी तशी उलट. एका मांडणीला पुदिन्याचा वास येतो. दुसरी सापडते बाळंतशेपांत, आणि दोन्हींचा वास सारखा आहे असे कोणी म्हणणार नाही.

पुदिन्याने गार वाटते, गार होत मात्र काही नाही. थंडी ओळखणारे एक प्रथिन त्वचेतल्या आणि तोंडातल्या मज्जातंतूंवर असते, टीआरपीएम-८ हे त्याचे नाव. तापमान उतरले की ते जागे होते, आणि मेंथॉलचा स्पर्श झाला तरीही जागे होते. मेंदूला दोन्हींतला फरक कळत नाही. हे प्रथिन २००२ मध्ये उजेडात आले. त्यावर काम करणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या ग्राहकांच्या शोधाबद्दल २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. जुडीच्या पुदिन्यात मेंथॉल कमी असल्याने त्याचा गारवा सौम्य असतो, आणि पेयात तो तसाच हवा. गारवा वाढवण्यासाठी पुदिन्याच्या अर्काचे थेंब टाकणे हा अगदी वाईट उपाय. त्याने सरबताला औषधाच्या बाटलीचा वास येतो.

पानावरच्या बारीक तैलग्रंथी भिंगातून पाहिल्या तर चकाकणाऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. त्या फुटायला पान तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एक टाळी दिली तरी पुरते. मिक्सरमध्ये पान वाटले की ग्रंथींबरोबर पानाच्या आतल्या पेशीही फुटतात. त्यातून हरितद्रव्य आणि तुरट द्रव्ये बाहेर पडतात, आणि हवा लागताच विकरांच्या क्रियेने सगळे काळपट होऊ लागते. कापलेले वांगे काळे पडते त्यामागेही हीच रासायनिक क्रिया असते. लिंबाच्या आम्लाने विकर मंदावतात, पण त्याच आम्लाने हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निसटतो आणि पोपटी रंग मळकट होतो. वाटलेल्या पुदिन्याचे सरबत अर्ध्या तासात मेंदीसारखे दिसू लागते ते यामुळे.

जुडी घेताना शेंड्याकडची कोवळी पाने भरपूर असलेली घ्यावी. फुलोऱ्यावर आलेल्या काड्यांची पाने लहान आणि उग्र असतात, ती चटणीला ठीक. पुदिना जमिनीलगत पसरतो, त्यामुळे पानांना माती आणि शेतातले पाणी लागलेले असते. मोठ्या पातेल्यात बुडवून, पाने वर काढून, पाणी बदलून तीनदा धुणे हा किमान नियम. पातेल्यातले पाणी पानांवरून ओतून दिले तर गाळ परत पानांवरच बसतो. धुतलेली जुडी फुलांसारखी पेल्यातल्या पाण्यात उभी करून, वर सैल पिशवी घालून फ्रीजमध्ये ठेवली की चार-पाच दिवस टवटवीत राहते.

लिंबू

कागदी लिंबाची साल पातळ, रस भरपूर आणि वास तीव्र. मोठ्या, जाड सालीच्या पिवळ्या लिंबांपेक्षा या पेयाला तेच योग्य. महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातला श्रीगोंदा-कर्जतचा पट्टा लिंबासाठी ओळखला जातो, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘साई शरबती’ आणि ‘फुले शरबती’ हे वाण बागांमध्ये दिसतात. वाणाच्या नावातच सरबत आले आहे, हे आपल्या विद्यापीठांचे रसिकपण म्हणायचे.

लिंबाच्या झाडाला वर्षात तीन बहार येतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया बहार, त्याची फळे पावसाळ्यात येतात. जून-जुलैचा मृग बहार हिवाळ्यात फळे देतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या हस्त बहाराची फळे मात्र मार्च ते मेमध्ये, म्हणजे ऐन मागणीच्या वेळी तयार होतात. फूल धरायला झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो. हस्ताच्या पावसात जमीन ओली राहिली तर ताण बसत नाही आणि बहार फुटत नाही. एप्रिल-मेमध्ये लिंबू महागते त्याची मुळे आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात असतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये शहरांतून एकेक लिंबू दहा रुपयांना विकले गेले, तेव्हा हा हिशेब बागेबाहेरच्या लोकांनाही कळला. घरासाठी त्यातून निघणारा धडा सरळ आहे. लिंबू पावसाळ्यात घ्यावे, रस साठवावा आणि उन्हाळ्यात वापरावा.

हातात घेतल्यावर जड लागणारे, गुळगुळीत, पिवळसर झाक आलेले लिंबू रसाळ असते. सालीवर खवल्यासारखे खरबरीत डाग असतील तर तो खैऱ्या रोग. रस खराब नसतो, पण अशा लिंबाची साल किसू नये. फ्रीजमधले लिंबू तासभर बाहेर ठेवावे, ओट्यावर तळहाताखाली दाबत फिरवावे आणि मग कापावे. सरासरी कागदी लिंबातून २० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे चहाचे चार चमचे रस निघतो.

कडवटपणाचा प्रश्न इथे येतो. लिंबाच्या बिया, गाभा आणि फोडींवरचा पापुद्रा यांत लिमोनिनचे पूर्वरूप असते. ते स्वतः कडू नसते, पण रस निघाला आणि आम्लाशी त्याची गाठ पडली की तासातासाने त्याचे कडू लिमोनिन होते. म्हणून ताजे सरबत चांगले लागते आणि सकाळी करून ठेवलेले संध्याकाळी कडू होते. बी चिरडली गेली तर ही वाट आणखी लवकर ओलांडली जाते. लिंबू मधोमध न चिरता गाभ्याच्या दोन्ही अंगांनी काप घ्यावेत, बिया गाभ्यालाच चिकटून राहतात. लिंबूपिळणीची दांडी शेवटपर्यंत आवळू नये, साल उलटी होऊन पांढरी पडेपर्यंत तर नाहीच. शेवटच्या चमचाभर रसासाठी लावलेला जोर आधीच्या सगळ्या रसाची चव घालवतो.

उरलेला कडूपणा झाकायला मीठ आहे. मिठातला सोडियम कडू चवीची जाणीव दाबतो आणि त्यामुळे गोडी मोकळी होते, हे चवीच्या शास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखवले आहे. सरबतात चिमूटभर मीठ घालणाऱ्या घरांना ते कोणी शिकवावे लागले नाही. मीठ खारट लागले तर ते जास्त झाले, अजिबात जाणवले नाही आणि सरबत गोल लागले तर बरोबर.

सालीतल्या तेलात आणखी एक गोष्ट असते, फ्युरानोकौमरिन. हे द्रव्य त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे चट्टे उठतात. लग्नाकार्यासाठी अंगणात बसून शंभर लिंबे पिळणाऱ्यांनी उन्हात जाण्याआधी हात साबणाने धुवावेत.

साखर, पाणी, बर्फ

गार पाण्यात साखर विरघळत नाही असे म्हणतात, पण ते अर्धेच खरे आहे. शून्य अंशालाही १०० ग्रॅम पाण्यात पावणेदोनशे ग्रॅमहून अधिक साखर विरघळू शकते. फक्त त्याला वेळ लागतो, आणि पेला तोंडाला लावणारा तेवढा थांबत नाही. म्हणून साधा पाक करून ठेवणे सोयीचे. २०० ग्रॅम साखर आणि तेवढेच पाणी गरम करून साखर विरघळली की झाले, तार येऊ द्यायची नाही. दोन मोठे चमचे पाक म्हणजे साधारण १८ ग्रॅम साखर. हा पाक फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो. पाक गॅसवरून उतरवल्यावर त्यातच मूठभर पुदिना टाकून झाकण ठेवले आणि पंधरा-वीस मिनिटांनी गाळले, तर पुदिन्याचा पाक तयार होतो. पाने पाकाबरोबर उकळली तर सुगंध वाफेबरोबर खोलीत जातो, पाकात फारसा उरत नाही.

थंडीत जिभेला गोडी कमी कळते. साध्या पाण्यातले सरबत चाखून किंचित जास्त गोड वाटले तर बर्फ घातल्यावर ते जमून येते.

बर्फाचा हिशेब सहसा कोणी करत नाही, तो करण्यासारखा आहे. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. २०० मिलिलिटर सरबत ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायचे तर जवळजवळ ६० ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. म्हणजे पेल्यात पाव भागाहून अधिक पाणी नकळत वाढते आणि सगळे प्रमाण बिघडते. माठातले २२ अंशांचे पाणी घेतले तर ४० ग्रॅम बर्फ पुरतो. फ्रीजमधले ८ अंशांचे घेतले तर सात-आठ ग्रॅमच. पाणचट सरबतावर औषध म्हणजे जास्त साखर नव्हे, आधीपासून गार केलेले पाणी. बर्फाचे मोठे खडे हळू वितळतात, चुरा लगेच वितळतो. बर्फ घरचा किंवा खात्रीचा असावा. मासळी आणि मालवाहतुकीसाठीचा बर्फ खाण्याचा नसतो. तो ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला.

एक पेला, सुरुवातीपासून

तीनशे मिलिलिटरचा जाड काचेचा पेला घ्यावा. पुदिन्याची दहा-बारा पाने देठावरून खुडावीत. देठ घेऊ नयेत, ते तुरट असतात. पाने पेल्यात टाकून त्यावर चहाचा एक चमचा साखर भुरभुरावी. लाटण्याच्या टोकाने चार-पाच वेळा दाबावे, दाबून किंचित फिरवावे आणि थांबावे. साखरेचे कण पानावर घासले जातात आणि ग्रंथी फोडतात, लाटणे फक्त साखरेला साथ देते. पान कडेने गडद झाले, चुरगळले, पण फाटले नाही, इथपर्यंतच जायचे. वास नाकापर्यंत आला की काम झाले. तळाशी हिरवे पाणी दिसू लागले तर हात जास्त चालला असे समजावे.

मग दीड-दोन मोठे चमचे पाक, एका लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. पाक आणि रस आधी एकमेकांत ढवळून घ्यावेत, कारण पाक जड असल्याने तळाशी बसतो. त्यावर दीडशे मिलिलिटर गार पाणी आणि चार-पाच खडे बर्फ. लिंबाची एक पातळ चकती पेल्याच्या काठाशी हलकेच पिळून आत सोडावी. यातून रस थेंबभरच येतो, पण सालीतले तेल पाण्यावर पसरते आणि पहिल्या घोटाआधी वास तेच देते. शेवटी पुदिन्याचा एक शेंडा टाळी देऊन वर खोचावा.

इतक्या पेयात आम्ल साधारण अर्धा-पाऊण टक्का आणि साखर दहा टक्क्यांच्या आसपास बसते. बहुतेक जिभांना आवडणारा तोल याच्या आगेमागे असतो. बारा पाहुण्यांसाठी करताना हेच प्रमाण बाराने गुणून मोठ्या पातेल्यात जमवता येते, मात्र पुदिना तिथेही वाटायचा नाही. पुदिन्याचा पाक वापरावा, आणि पेल्यात देताना चार ताजी पाने टाळी देऊन टाकावीत. भांडे स्टीलचे, काचेचे किंवा चिनी मातीचे असावे. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आंबट ठेवू नये, हे जुने सांगणे पूर्ण बरोबर आहे. आम्लाने तांबे सुटते आणि तांब्याच्या सहवासात क जीवनसत्त्वही झपाट्याने नष्ट होते.

मोहितो, रमशिवाय

हॉटेलांच्या मेनूकार्डावर हेच पेय ‘व्हर्जिन मोहितो’ म्हणून येते. मूळ मोहितो क्युबाचा. पांढरी रम, लिंबू, साखर, सोडा आणि तिथे येर्बा बुएना म्हणतात तो पुदिना. हवानातल्या ‘ला बोदेगीता देल मेदियो’ या १९४२ पासूनच्या जागेने त्याचे नाव जगभर नेले. रम वजा केली की उरते ते लिंबू-पुदिन्याचे सरबत. मात्र नुसती रम काढून भागत नाही, कारण ती तीन कामे करत असते. पुदिन्याचे आणि सालीचे तेल पाण्यात नीट विरघळत नाही, मद्यात विरघळते. मद्य घशाला किंचित जाळते. आणि त्याने पेयाला एक प्रकारचे अंग येते. पहिल्या कामासाठी पुदिन्याचा गरम पाक आहे, किंवा लिंबाची साल किसून तासभर साखरेत चोळून ठेवण्याची रीत. किसताना फक्त रंगीत थर घ्यावा. दुसऱ्या कामाला आल्याचा रस उत्तम, एका पेल्याला पाव चमचा. तिसऱ्यासाठी पाण्याऐवजी थंड केलेला फिका, बिनदुधाचा चहा घालून पाहावा. त्यातला तुरटपणा पेयाला भारदस्त करतो.

मद्य पूर्ण वर्ज्य असेल तर आणखी दोन गोष्टींकडे लक्ष हवे. बारमध्ये चवीसाठी थेंबाथेंबाने घालतात ती अँगोस्टुरा बिटर्स स्वतः ४४ टक्क्यांहून अधिक मद्याची असते. आणि पातळ पाकातले लिंबू-सरबत उन्हाळ्यात बाहेर राहिले तर हवेतल्या यीस्टने आंबू लागते. झाकण उघडताना फसफसले, बुडबुडे दिसले, तर त्यात मद्य तयार होऊ लागले आहे. ते फेकून द्यावे.

समारंभात स्वागताला येणारे झगझगीत हिरवे मोहितो हे बहुधा बाटलीतल्या सिरपचे असते. त्यातला हिरवा रंग टार्ट्राझिन आणि ब्रिलियंट ब्ल्यू या रंगांच्या मिश्रणाचा असू शकतो. ते कायद्याने ठरावीक मर्यादेत चालतात. पण नीट केलेले पुदिना-लिंबू जवळजवळ रंगहीन असते. पेला हिरवागार दिसला तर त्यात पुदिना कमी आणि बाटली जास्त आहे.

सोडा

जोसेफ प्रीस्टली याने १७६७ मध्ये लीड्सच्या बिअर कारखान्यातल्या पिंपावर पाण्याचे भांडे टांगून पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड मिसळला. हायरम कॉडने १८७२ मध्ये गोळी अडकवलेल्या बाटलीचे पेटंट घेतले. तीच आपली गोटी सोड्याची बाटली. मुंबईत ड्यूक्सचा कारखाना १८८९ पासूनचा, म्हणजे लिंबू आणि सोड्याची आपली गाठ सव्वाशे वर्षांहून जुनी.

सोडा शून्य अंशाजवळ २० अंशांपेक्षा जवळजवळ दुप्पट वायू धरून ठेवतो. म्हणून बाटली आधी कडक गार करावी, सोडा सगळ्यात शेवटी आणि पेल्याच्या कडेने ओतावा, नंतर चमचा एकदाच खालून वर फिरवावा. आल्याचा किंवा सालीचा कीस पेल्यात असेल तर त्याच्या कणांभोवती बुडबुडे जमतात आणि वायू भराभर निघून जातो. सोडा घालायचा तर रस आणि पाक गाळून घ्यावेत.

घरी सोडा नाही म्हणून खाण्याचा सोडा घालण्याची युक्ती पुष्कळांना माहीत असते. फेस उसळतो, मुलांना गंमत वाटते. पण पाव चमचा सोडा एका लिंबाचा जवळजवळ तीन चतुर्थांश आंबटपणा मारतो आणि तीनशे मिलिग्रॅमहून अधिक सोडियम पेल्यात टाकतो. चव साबणाकडे झुकते. रक्तदाब असणाऱ्यांनी हे करू नये, बाकीच्यांनीही गंमत म्हणून एकदाच.

साठवण

लिंबाचा रस टिकवण्याची खटपट जहाजांनी केली. जेम्स लिंड याने १७४७ मध्ये ‘सॅलिस्बरी’ या जहाजावर स्कर्व्हीच्या बारा खलाशांवर प्रयोग केला आणि संत्री-लिंबे खाल्लेले दोघे झटपट बरे झाले. १७९५ पासून ब्रिटिश नौदलाने लिंबूरस देणे सुरू केले. तो टिकावा म्हणून त्यात मद्य घालत. स्कॉटलंडमधल्या लीथच्या लॉक्लन रोझ याने १८६७ मध्ये मद्याऐवजी साखर वापरून रस टिकवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि बाटलीतले बिनमद्याचे लिंबू कॉर्डियल बाजारात आले.

मराठी घरांतली रीत याच तत्त्वावर चालते. एक वाटी रस, दोन वाट्या साखर, चमचाभर मीठ, काचेच्या बरणीत. न शिजवता रोज कोरड्या चमच्याने ढवळत राहायचे, तीन-चार दिवसांत साखर विरघळते. यात विरघळलेला भाग ६५ टक्क्यांच्या आसपास जातो. कारखान्यातल्या सिरपसाठी कायद्याने ठरवलेला किमान आकडाही तोच आहे. इतक्या साखरेत जंतूंना वापरता येईल असे मोकळे पाणी फारसे उरत नाही. यात लिंबामागे साखर मात्र जास्त पडते. पेला भरताना दोन मोठे चमचे अर्क आणि वर अर्धे ताजे लिंबू, असे केले की तोल सावरतो आणि ताजा वासही येतो. पुदिना या बरणीत घालू नये, तो काळा पडतो. बरणी फ्रीजमध्ये ठेवली तर पावसाळ्यातले लिंबू मेपर्यंत पुरते.

साखर कमी हवी असेल तर नुसता रस बर्फाच्या साच्यात गोठवावा. एका खणात साधारण एका लिंबाचा रस मावतो. खडे झाले की घट्ट डब्यात भरावेत, दोन-तीन महिने चव टिकते. पुदिन्याची पाने तशीच गोठवली तर काळी पडतात. उकळत्या पाण्यात पंधरा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकली तर विकर मरतात आणि रंग राहतो, थोडा सुगंध मात्र जातो. खोलीत ठेवायच्या स्क्वॅशला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात, लिटरला ०.६ ग्रॅमच्या जवळपास. ते वजन करूनच घालावे, अंदाजाने नाही. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, त्यामुळे घरगुती वापराला वरच्या दोन पद्धतीच बऱ्या.

इतर वाटा

दिवाळीच्या सुमारास चकली-शेवेच्या तळणीवर गोड सरबत नको वाटते. तेव्हा साखर निम्मी करून पादेलोण, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चार पाने पुदिना घालावीत. रसवंतीत उसाबरोबर लिंबू आणि आले चरकातून काढतात. त्यातल्या आम्लाने रस काळा पडण्याचा वेगही कमी होतो. पुदिन्याच्या काड्या त्याच घाण्यात घातल्या तर वास छान येतो, पण चरकाची सफाई आधी पाहावी. भिजवलेला सब्जा कोणत्याही प्रकारात चालतो.

हलक्या हाताच्या नियमाला एक चांगला अपवाद लेबनॉन, सीरिया, जॉर्डन, इस्राएल या भागात सापडतो. तिथे पुदिन्याची पाने, लिंबू, साखर आणि भरपूर बर्फ एकत्र फिरवून गोळ्यासारखे घट्ट, हिरवे पेय करतात. बर्फामुळे विकर मंद राहतात, आणि ते केल्या केल्या संपवतात, म्हणून काळे पडायला वेळच मिळत नाही. इराणात साखर किंवा मध आणि सिरका यांच्या पाकात पुदिना मुरवून सेकंजबीन करतात आणि ते गार पाण्यात मिसळून वर काकडी किसतात. लिंबू महाग असते तेव्हा ही कृती आपल्याकडेही उपयोगी पडेल.

कोणी जपावे

वरच्या प्रमाणात पेलाभर सरबतात पाक आणि वरची भुरभुरलेली साखर मिळून वीस ग्रॅमच्या आसपास साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवलेली आदर्श मर्यादा दिवसाला साधारण पंचवीस ग्रॅमची आहे, म्हणजे एक पेला आणि सकाळचा चहा यातच दिवस संपला. पुदिन्याने अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते. ज्यांना आंबट ढेकर आणि छातीत जळजळ होते त्यांनी रात्री जेवणावर हे पेय टाळावे. आम्लाने दातांचे आवरण तात्पुरते मऊ होते, त्यामुळे प्यायल्यावर चूळ भरावी आणि अर्धा तास तरी ब्रश करू नये.

जुलाबात लिंबू सरबत देऊन ओआरएस टाळणे ही मोठी चूक. ओआरएसच्या एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम असते. सरबतात साखर त्याच्या कित्येक पट आणि मीठ अगदीच कमी. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढू शकतात. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्यावे.

कुंडीतला पुदिना

पाने खुडल्यावर उरलेल्या काड्यांपैकी चार-पाच जाडसर निवडून खालचे पेर बुडेल एवढ्या पाण्यात ठेवाव्यात आणि पाणी रोज बदलावे. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळे फुटतात. मग त्या पसरट कुंडीत लावाव्यात, कारण पुदिना खोल जात नाही, आडवा पसरतो. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा त्याला मानवते. कोकणातल्या धुवाधार पावसात कुंडी छपराखाली घ्यावी, मुळांशी पाणी साचले की तो कुजतो. दुसऱ्या झाडाच्या कुंडीत लावला तर महिन्या-दोन महिन्यांत ती त्याची होऊन बसते. शेंडे सतत खुडत राहावे आणि फुलाची कळी दिसताच काढावी. खुडलेल्या प्रत्येक शेंड्याच्या खाली दोन नव्या फांद्या फुटतात.